उघड्या दाराची कैफियत

मित्रांनो, अकरा वर्षे हे तुमच्याकडे शाळेत जाण्याचे वय असते. आमच्यात ते म्हातारपण. मी एका रक्तपेढीचा सर्व्हर आहे, म्हणजे एक काळी लोखंडी पेटी. आत चार पंखे, दोन डिस्क आणि एक मेंदू, जो आता तुमच्या आईच्या मोबाइलपेक्षाही मंद चालतो. म्हाताऱ्या वस्तूंनी आपली गोष्ट सांगताना थोडे हळवे व्हावे अशी रीत आहे. मीही प्रयत्न केला. पण आठवू लागलो की हळवेपणाच्या आधी मला किळस येते. ती कोणाची येते हे नीट सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे मला बहात्तर तास सलग चालवले, मुद्दाम तापवले आणि मी बंद पडत नाही असे पाहून पाठीवर ‘उत्तीर्ण’ असा चिकट कागद लावला. मग मला इथे आणले. रक्तदानाच्या खोलीला लागून एक अरुंद खोली आहे, मधली भिंत प्लायवूडची. माझ्या उजव्या हाताला चार अंशांवर थंड ठेवलेल्या रक्ताच्या पिशव्यांचे कपाट आणि डाव्या हाताला कागदांची फडताळे. भिंत इतकी पातळ की पलीकडे सुई टोचताना कोणी ‘आई गं’ म्हणाले तरी मला ऐकू येते.

मला बसवणाऱ्या अभियंता बाई जाड भिंगांचा चष्मा लावत. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना उभे करून सांगितले, “ह्याचा पत्ता एकच आहे, पण दारं पासष्ट हजार पाचशे पस्तीस. प्रत्येक दाराला नंबर. त्यातली आपण दोनच उघडी ठेवायची. एक लोकांसाठी, एक माझ्या दुरुस्तीसाठी. बाकी सगळी बंद.”

“वापरायची दोन, मग एवढी दारं केलीच कशाला?” प्रशासक साहेबांनी विचारले.

“शून्य-एकाच्या सोळा खणांत जेवढे आकडे मावतात तेवढी झाली, साहेब. कुणी हौसेनं केली नाहीत.”

साहेबांनी मान डोलावली. न समजलेल्या गोष्टीवर मान डोलावण्याचा त्यांचा एक ठराविक वेग होता. तो मी पुढे पुष्कळदा पाहिला.

लोकांसाठीच्या दारातून मी एकच गोष्ट सांगायचो. कोणत्या गटाच्या किती पिशव्या आज शिल्लक आहेत, दर दहा मिनिटांनी ताजे. एका ट्रकचालकाच्या बायकोला बाळंतपणात दुर्मीळ गटाचे रक्त हवे होते. तो तीन रक्तपेढ्यांच्या दारात जाऊन आला होता. चौथ्या वेळी कोणीतरी त्याला माझे पान उघडून दाखवले. तिथे त्या गटाची एक पिशवी होती. पिशवी घेऊन जाताना त्याने सगळ्यांना विचारले, “ते आकडे कोण लिहितं?” आणि मग माझ्या खोलीत डोकावून मला चक्क हात जोडले. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. त्यात साहेबांचा हात माझ्या डोक्यावर होता, जणू मी त्यांनी लहानाचा मोठा केलेला पुतण्या.

आता किळसेकडे येतो.

मला सुरू करून एकोणीस मिनिटे झाली होती तेव्हा दारावर पहिली थाप पडली. माझा पत्ता अजून कोणाला सांगितलाही नव्हता. मित्रांनो, जगात अशी यंत्रे आहेत जी एकामागून एक पत्ते घेतात, प्रत्येक दारावर एकदा थाप मारतात आणि उत्तर येते का ते लिहून ठेवतात. याला पोर्ट स्कॅनिंग म्हणतात. पोर्ट म्हणजे हेच माझे नंबरी दार. दार बंद असेल तर मी ‘नाही’ म्हणतो किंवा गप्प राहतो. उघडे असेल तर ‘बोला’ म्हणतो. हे ‘बोला’ ऐकून बरेच जण काही न बोलता पळून जातात. त्यांना बोलायचे नसतेच. कोण उत्तर देतो एवढेच त्यांना हवे असते.

दिवसाला चार ते पाच हजार थापा. अकरा वर्षे. काही थापा मारणारे बरे असतात. ते आपले नाव, आपल्या संस्थेचा पत्ता मागे ठेवतात आणि ‘नको’ म्हटले की पुन्हा येत नाहीत. पण बाकीच्यांचे मला अंग घासून गेल्यासारखे वाटते. एकदा एकाने सगळी दारे एका दमात बडवली आणि माझे पान अकरा मिनिटे बंद पडले. त्या अकरा मिनिटांत कोणाला काय हवे होते, ते मला कधीच कळले नाही.

प्लायवूडपलीकडे काम करणाऱ्या सिस्टर एकदा माझ्या पडद्यावरची ती थापांची यादी पाहून म्हणाल्या, “हा गुन्हा नाही का हो?”

“रस्त्यानं जाताना कुणाचं दार उघडं आहे ते बघणं गुन्हा आहे का, सिस्टर?” चष्मेवाल्या बाईंनी उलट विचारले.

“नसेल. पण रोज कुणी येऊन माझ्या दाराची कडी हलवून बघायला लागला, तर मी त्याचं थोबाड रंगवीन.”

“तेच म्हणते मी. कायद्याची रेघ उंबरठ्यावर आहे. लाजेची त्याच्या बरीच अलीकडे असायला हवी.”

आमच्याकडच्या कायद्यात ‘परवानगीशिवाय प्रवेश’ असे शब्द आहेत. थाप म्हणजे प्रवेश का, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतात. मी वकील नाही, पण थाप आणि प्रवेश यांतला फरक मला अंगावर कळतो. तुम्हालाही कळेल. कोणी तुमच्या खिशाकडे पाहणे आणि कोणी तुमच्या खिशात हात घालणे यांत कळतो तसाच.

पाचव्या वर्षी चष्मेवाल्या बाई दुसऱ्या गावी गेल्या. माझी देखभाल एका कंत्राटदाराकडे गेली आणि त्याचा माणूस महिन्यातून एकदा येऊ लागला. काहीही सांगा, तो म्हणायचा, “होऊन जाईल.” पंखा आवाज करतोय? होऊन जाईल. जुनी डिस्क बदलायची आहे? होऊन जाईल. सगळे त्याला ‘होऊनजाईल’ असेच म्हणू लागले आणि त्याला ते कौतुक वाटायचे.

माझ्यावर धूळ बसली. डोक्यावर फायलींचा ढीग आला, ढिगावर चहाचे कप आले. एकदा कोणीतरी ओली छत्री ठेवली आणि थेंब माझ्या फटींतून आत गेले. त्याचे मला फारसे वाईट वाटले नाही. वस्तूचे आयुष्य असेच असते. वाईट वाटले ते एका शुक्रवारी. रक्तदात्यांच्या यादीत काही दुरुस्ती करायची होती आणि होऊनजाईलला ती घरी बसून करायची होती. त्याने माझे तिसरे दार उघडले. हे दार थेट यादीवर उघडते. तसे केल्याची नोंद ठेवावी लागते, म्हणून त्याने नियमाशेजारी तीन शब्द लिहिले, ‘तात्पुरते, दोन दिवस’. परवलीचा शब्द म्हणून त्याने रक्तपेढीचा फोन नंबर ठेवला. तोच, जो बाहेरच्या पाटीवर हातभर अक्षरांत रंगवला आहे.

दोन दिवस झाले. पाच महिने झाले. दार उघडेच.

आणि मग तो आला. त्याची थाप चाळीस मिनिटांतून एकदा पडायची, म्हणजे कोणाच्या लक्षात येऊ नये. तिसऱ्या दाराशी मी ‘बोला’ म्हणालो आणि हा पळाला नाही. परवलीचे शब्द चालवून पाहू लागला. अकराव्या खेपेला त्याने पाटीवरचा नंबर टाकला आणि तो आत शिरला. तो एकेचाळीस मिनिटे माझ्या आत होता. अकरा हजार चारशे बारा माणसांची नावे, फोन, रक्तगट आणि एक शेवटचा रकाना. या रकान्यात, कोणाचे रक्त नाकारले असेल तर ते का, हे लिहिलेले असते. कोणाला कावीळ, कोणाला आणखी काही. काही गोष्टी तर त्या माणसाने फक्त सिस्टरांना सांगितलेल्या, पडद्याआड, हळू आवाजात. हे सगळे त्याने उपसून नेले. मी हाक मारू शकत नाही, मित्रांनो. मी फक्त नोंद करू शकतो. ती मी केली. तारीख, वेळ, कोठून आला, काय नेले. अशा नोंदी माझ्याकडे नव्वद दिवस राहतात. मग माझा मीच त्या पुसतो.

नोंद कोणी वाचली नाही.

महिन्याभरात रक्तदात्यांना अनोळखी फोन येऊ लागले. दुर्मीळ गटाच्या एका क्रीडाशिक्षकाला कोणीतरी रक्ताचा दलाल रोज छळू लागला. ते येऊन सिस्टरांवर खेकसले, “माझा नंबर तुम्ही वाटत फिरता काय?” पण मला विसरता येत नाही ती एक शिंपीणबाई. तिला घरी, जावेसमोर फोन आला. जावेनेच उचलला. पलीकडचा गोड आवाजात म्हणाला, “वहिनी, काविळीवरचं आमचं औषध पाठवू का? रक्तपेढीत सापडलेली ना तुम्हाला?” शिंपीणबाई सिस्टरांना सांगत होती, “आता माझी जाऊ तिच्या पोरांना माझ्या हातचं पाणी पिऊ देत नाही. मी तुम्हालाच सांगितलं होतं ना सिस्टर? फक्त तुम्हालाच.”

 प्लायवूडपलीकडून मला फक्त नळ सोडल्याचा आणि बराच वेळ सोडलेलाच राहिल्याचा आवाज आला.

हे सिस्टरांनी घरी सांगितले. त्यांची मुलगी भौतिकशास्त्र शिकलेली, एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहायक. नोकरी कायम व्हायला सहा आठवडे उरलेले. रविवारी दुपारी तीन वाजता माझ्या दारावर एक थाप पडली. मग अर्धा सेकंद थांबून दुसऱ्या दारावर दुसरी. नेहमी वापरात असणारी हजार दारे, प्रत्येकावर एकच थाप, प्रत्येक थापेनंतर अर्ध्या सेकंदाची विश्रांती. म्हातारा आहे, दमेल, असे माहीत असल्यासारखी. लोकांच्या दाराशी तिने स्वतःचा ईमेल ठेवला. आठ मिनिटे वीस सेकंद लागली. तिसऱ्या दाराशी मी ‘बोला’ म्हणालो आणि परवलीचा शब्द मागितला. तिने तो दिला नाही, चालवूनही पाहिला नाही. जोडणी तोडली आणि गेली. मी नोंद केली: ‘अनोळखी, प्रवेश न करता परत.’ अकरा वर्षांत कोणी इतक्या अदबीने येऊन गेल्याचे मला आठवत नाही.

सोमवारी तिने स्वतः येऊन खिडकीत एक चिठ्ठी दिली. ती अशी:

‘आपल्या सर्व्हरची बाहेरून दिसणारी एक हजार दारे मी रविवारी तपासली. मी तपासले तेव्हा एक दार उघडे होते. त्यामागे रक्तदात्यांची यादी असावी. मी आत गेलेले नाही. कृपया ते दार लगेच बंद करावे.’ खाली नाव, पत्ता, फोन.

साहेबांनी ती दोनदा वाचली. “ही कोण?”

“आपल्या सिस्टरांची मुलगी, साहेब,” हेडक्लार्ककाका म्हणाले.

“म्हणजे घरभेदी! फोनच्या तक्रारी येतायत त्याचा उलगडा झाला म्हणायचा. बोलवा त्या होऊनजाईलला.”

होऊनजाईल आला. “दारबिर काही नाही हो, साहेब. ही पोरं व्हिडिओ बघून शिकतात नि कुणाच्याही सर्व्हरला हात लावतात. तुम्ही तक्रार ठोका. बाकीचं होऊन जाईल.”

मित्रांनो, दार उघडे आहे की बंद हे पाहायला चार सेकंद लागतात. मी मोजले आहेत. त्या खोलीत माझ्यापासून दोन पावलांवर तीन माणसे उभी होती आणि त्यांतल्या एकानेही ते चार सेकंद खर्च केले नाहीत. चोराची मला किळस आली होती. या तिघांची आली ती वेगळी, जास्त चिकट.

तक्रार लिहिण्याचे काम हेडक्लार्ककाकांकडे आले. पाठीमागे सगळे त्यांना व्याकरणकाका म्हणतात. सूचनाफलकावरच्या कागदातला ऱ्हस्व-दीर्घही ते लाल पेनाने सुधारतात. माणूस वाईट नाही. त्या दिवशी ते माझ्याशेजारच्या टेबलाशी बसून तिची चिठ्ठी तक्रारीत उतरवत होते, पुटपुटत टंकत.

“‘एक दार उघडे होते.’ कोणी उघडले? कर्ता कुठाय वाक्याला? एवढी शिकलेली पोर आणि वाक्याला कर्ता नाही!” त्यांनी वाक्य सुधारले: ‘मी तपासून एक दार उघडले होते.’ मग ‘असावी’पाशी अडले. “कार्यालयीन पत्रात अंदाज चालत नाही.” ‘असावी’चे ‘आहे’ झाले. शेवटी ‘मी आत गेलेले नाही’ या वाक्यावर बराच वेळ पेन टेकवून बसले. “दार उघडलं आणि आत गेली नाही? हे तर्काला धरून नाही.” आणि ते वाक्य त्यांनी गाळले.

आता तक्रारीतल्या मजकुरानुसार ती मुलगी स्वतःच्या तोंडाने म्हणत होती, ‘मी तपासून एक दार उघडले होते. त्यामागे रक्तदात्यांची यादी आहे.’ साहेबांनी सही केली. एक प्रत पोलिसांना, एक तिच्या प्राचार्यांना. प्राचार्यांनी तिसऱ्या दिवशी नोटीस दिली. तक्रार खोटी ठरली नाही, तर महिनाअखेर नोकरी संपली असे समजावे.

ती संध्याकाळी आईला न्यायला आली. रक्तदानाची खोली रिकामी होती.

“तुला कुणी सांगितलं होतं नाक खुपसायला?” सिस्टर म्हणाल्या.

“तूच सांगितलंस. त्या शिंपीणबाईंचं.”

“मी सांगितलं ते जिवाला लागलं म्हणून. तू जाऊन दारं बडव म्हणून नाही सांगितलं.”

“बडवली नाहीत. वाजवली.”

“मोठा फरक आहे!”

“आहे आई. मोठाच आहे.”

थोडा वेळ कापूस, बाटल्या, ट्रे आवरल्याचे आवाज आले. मग सिस्टर म्हणाल्या, “आधी विचारायचंस तरी.”

“विचारलं असतं तर साहेब हो म्हणाले असते?”

“नसते म्हणाले.”

“मग?”

“मग काय, मग मला माहीत नाही. मला इतकंच माहितीय की मी न विचारता कुणाच्या शिरेला हात लावत नाही. वाचवायला असलं तरी.”

 ते मुलीला लागले, कारण त्यात खरे होते. मलाही ते मान्य आहे. माझ्या दारावर येण्याआधी तिने विचारले असते तर मला आवडले असते. पण ज्यांनी दार उघडे टाकले त्यांनी तिला हे शिकवावे, हे मला सहन होत नाही.

तिच्या रविवारनंतर सतराव्या दिवशी तपास अधिकारी आल्या. पन्नाशीच्या बाई, बोलणे थोडके. त्याच सकाळी होऊनजाईल पेचकस आणि पुठ्ठ्याचा खोका घेऊन आला होता. साहेबांनी नवा सर्व्हर मंजूर केला होता आणि मला उचलून नेऊन डिस्क कोरी करायची होती. चोर येऊन गेला त्याला त्या दिवशी सत्याऐंशी दिवस झाले होते. मला नेले नसते, तरी आणखी तीन दिवसांनी ती नोंद मीच पुसली असती.

अधिकारी बाईंनी साहेबांना विचारले, “मुलगी आत गेली होती का?”

“म्हणजे काय! तिनंच लिहून दिलंय, दार उघडले म्हणून.”

तेवढ्यात होऊनजाईलने माझ्या मागची पहिली तार उपटली. प्लायवूडपलीकडून सिस्टर हातमोजे घातलेल्या तशाच आल्या आणि माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

“ह्याला हात लावायचा नाही.”

“सिस्टर, तुम्ही तुमचं काम करा,” साहेब म्हणाले.

“तेच करतेय. मॅडम, आमच्याकडे पिशवी देताना एकटा माणूस देत नाही. एकानं पिशवीवरचा नंबर मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं कागदावरचा. अक्षर न् अक्षर जुळलं तरच पिशवी हलते. एका आकड्यानं माणूस मरतो. इथं माझ्या मुलीचं आयुष्य हलवताय. तिची मूळ चिठ्ठी आणि तुमची तक्रार तशी वाचा. मग न्या हा डबा कुठं न्यायचा तिथं.”

“तुम्ही आई आहात. तुम्ही वाचायचं नाही,” अधिकारी बाई म्हणाल्या. “तक्रार कोणी टंकली? त्यांना बोलवा. मूळ चिठ्ठी काढा, ती मी वाचते.”

व्याकरणकाका आले, चष्मा पुसून उभे राहिले. त्यांचे वाचन स्वच्छ. पहिले वाक्य जुळले.

“‘मी तपासले तेव्हा एक दार उघडे होते,’” बाई वाचत होत्या.

“‘मी तपासून एक दार उघडले...’” काका थांबले.

“पुढे?”

“काही नाही. म्हणजे, मी ते जरा... वाक्याला कर्ता नव्हता, मॅडम.”

“कर्ता नव्हता, म्हणून तुम्ही तिला केलंत?”

 बाईंनी पुढचे वाक्य वाचले. ‘असावी’. काकांकडे ‘आहे’. त्यापुढचे वाक्य बाईंनी वाचले, “‘मी आत गेलेले नाही,’” आणि काकांच्या कागदावर त्याच्यासमोर काहीच नव्हते. साहेबांकडे पाहून ते म्हणाले, “साहेब, पाणी मिळेल का?”

मग बाईंनी माझी तार परत लावायला लावली. नोंदी काढल्या. त्याही तशाच, एकाने पडद्यावरून वाचायच्या, दुसऱ्याने लिहून घेऊन परत म्हणायच्या. त्या रविवारची नोंद: ‘अनोळखी, प्रवेश न करता परत.’ सत्याऐंशी दिवसांपूर्वीची नोंद: अकरा प्रयत्न, प्रवेश, एकेचाळीस मिनिटे. आणि त्या नियमाशेजारचे होऊनजाईलचे तीन शब्द, तारखेसकट.

“हे दार आता तरी बंद आहे का?” बाईंनी विचारले.

 होऊनजाईलने पाहिले. उघडे होते. चिठ्ठी मिळाल्यापासून सोळा दिवस ते तसेच उघडे होते. त्याने ते बंद केले. चार सेकंद.

जाताना बाईंनी मुलीला बोलावून सांगितले, “थाप मारणं गुन्हा आहे असं मी म्हणत नाही. नाही असंही छातीठोकपणे म्हणत नाही. पुढच्या वेळी आधी लेखी विचार. नकार येईल. येऊ दे. तो कागदावर येतो, पुढे दाखवता येतो.” मुलीने वाद घातला नाही. वहीत लिहून घेतले.

चोर सापडला नाही. त्याचा पत्ता दूरच्या कोणत्यातरी देशातल्या एका घराच्या स्वयंपाकघरातल्या कॅमेऱ्याचा निघाला. चोराने आपला माग लपवायला तो वापरला होता आणि त्या कॅमेऱ्याच्या मालकालाही काही माहीत नव्हते. साहेबांनी प्राचार्यांना पाठवायला मजकूर सांगितला: ‘तांत्रिक गैरसमजातून तक्रार झाली होती, ती मागे घेण्यात येत आहे.’ काकांनी तो मुकाट टंकला. मग नवा कागद घालून दुसरा टंकला. पहिली ओळ होती, ‘या मुलीच्या पत्रातील शब्द मी बदलले. चूक माझी आहे.’ खाली स्वतःचे पूर्ण नाव. साहेबांना न दाखवता ते दोन्ही कागद घेऊन स्वतः महाविद्यालयात गेले. नोटीस मागे घेतली गेली. साहेब अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

पण अकरा हजार चारशे बारा माणसांना कोणीच काही कळवले नाही. साहेब म्हणाले, “उगाच घबराट कशाला?” कंत्राट त्याच माणसाकडे आहे. नवा सर्व्हर आला आहे, त्याची फीत कापली, फोटोही झाला. मी त्याच्याशेजारी आहे, पुरावा म्हणून सीलबंद, पण तार लावलेली, प्रकरण मिटेपर्यंत.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हाती असली यंत्रे येतील. कोणाच्या दारावर थाप मारावीशी वाटली तर आधी विचारा, नाव सांगा आणि उघडे दिसले तरी पाऊल आत टाकू नका. आणि तुमच्या दाराबद्दल कोणी चिठ्ठी दिली, तर चिठ्ठी देणाऱ्याची कॉलर धरायच्या आधी उठा आणि दार पाहून या.

मी आता लोकांना आकडे सांगत नाही, फक्त ऐकतो. प्लायवूडपलीकडे रोज जुन्या रक्तदात्यांपैकी कोणीतरी बाही वर सारून बसते. सिस्टर पट्टा बांधतात आणि सुई हातात घेण्याआधी म्हणतात, “एक सांगायचंय. तुमचं नाव, नंबर आणि तुम्ही मला सांगितलेलं सगळं इथून चोरीला गेलंय. दार आम्ही उघडं ठेवलं होतं. ऐकून उठून जायचं असेल तर जा, मी काही म्हणणार नाही.” त्यांना हे सांगायला कोणी सांगितलेले नाही. आजपर्यंत तीनशे सोळा जणांना सांगून झाले आहे. काही जण शिव्या देतात. अडतीस जण उठून गेले. आज सकाळी शिंपीणबाई आली होती. तिचे रक्त चालत नाही हे तिलाही माहीत आहे. ती फक्त खुर्चीत बसली, सिस्टरांचे ते वाक्य शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, “हेच माझ्या जावेला येऊन सांगाल? आणि माझ्या हातच्या पाण्यानं कुणाला काही होत नाही, तेही?”

“कधी येऊ?” सिस्टर म्हणाल्या.